बाळ आल्यावर पाठवा : आमची वाटचाल

आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरींवर एक शेरा असतो : ‘बाळ आल्यावर पाठवा.’ पैसे आधी येतात, कापड आधी पसंत होतं, पण झबलं-टोपडं आमच्या दारातून हलतं ते बाळंतपण सुखरूप झाल्याचा फोन आल्यावर. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे घरात आणायचे नाहीत, हे सांगलीत पाळतात, पुण्या-मुंबईत पाळतात आणि परदेशी गेलेल्या मराठी घरांतही बरेचजण पाळतात. त्यामुळे तयार माल पडून असला तरी आम्ही घाबरत नाही. वरच्या मजल्यावरचं कपाट भरलेलं असतं आणि प्रत्येक गठ्ठ्यावर बाळाच्या आईचं नाव आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख. तारीख उलटली की आमच्याच जिवाला घोर. पण आपणहून फोन करायचा नाही, हा नियम सासूबाईंनी घालून दिला आणि तो आजही मोडलेला नाही.

सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत, त्यांचा शिवणक्लास होता. क्लासच्या बायका ब्लाऊज शिकायला यायच्या आणि शेजारणी बाळंतविडा शिवून न्यायला. पाच झबली, पाच टोपडी, डझनभर तिकोनी लंगोट, दोन दुपटी, एक कुंची, लाळेरी : हा त्यांचा ठरलेला संच. कापडाचे तेवढे पैसे घ्यायच्या, शिलाईचे घ्यायला लाजायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा हिशेब मांडला आणि म्हटलं, आई, हे फुकटचं समाजकार्य आहे. त्या म्हणाल्या, मग तू बघ. मी बघतेच आहे.

कापड आणायला आम्हाला लांब जावं लागत नाही. इचलकरंजी तासाभरावर. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, त्याचा आजचा पसारा सगळ्यांना माहीत आहे. पण मागावरून उतरलेलं कोरं कापड बाळाच्या अंगाला लावायच्या लायकीचं नसतं. उभ्या धाग्याला विणताना तुटू नये म्हणून लावलेली सायझिंगची खळ असते, हाताला करकरीत लागतं. प्रोसेस होऊन आलेलं मलमलही आम्ही कापण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढतो आणि उन्हात वाळवतो. खळ निघते आणि कापड जे आटायचं ते आमच्याकडेच आटतं. तान्ह्याचं झबलं असतं अकरा-बारा इंच उंचीचं. त्यात अर्धा इंच आटला तरी मुंढ्यात अडकतं. पावसाळ्यात या धुण्या-वाळवण्याने आमची पार दैना होते.

शिवण साधीच, पण उलटी. पहिल्या महिन्याच्या झबल्याची शिवण आम्ही बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे आतून अंगाला काही टोचत नाही. बटण नाही, हुक नाही, चिकटपट्टी नाही. नाड्या असतात, त्याही आखूड. लांब नाडी गळ्याभोवती जाऊ शकते, म्हणून बोटभराचीच. नवीन आलेल्या बाईला आधी नाडी शिवायला बसवतो. नाडी सरळ आली की झबलं हातात मिळतं.

कुंचीची तऱ्हा वेगळी. खण आम्ही गुळेदगुडचा घेतो, बागलकोट जिल्ह्यातला. दिसायला देखणा, पण त्याचे काठ बाळाच्या कानाला घासतात. म्हणून आतून सगळीकडे मलमलचं अस्तर. कुंची बारशाच्या दिवशी तासभर घालायची आणि मग पेटीत जायची, तरीही अस्तर लावतोच. त्यावर कमाई फारशी नाही.

मोहरीची उशी मात्र आम्ही बंद केली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून घरोघर ती असायची, आमच्याकडून ढिगाने जायची. पण पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली उशी नको, आजूबाजूला सैल पांघरुणंही नकोत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. एवढं कळल्यावर ती विकणं मला जमेना. आज्या चिडतात. ‘आमच्या पोरांची डोकी काय चौकोनी झाली?’ असं एक आजी फोनवर म्हणाल्या. नाही झाली, आजी. पण आता शिवून देणार नाही.

जुन्या लुगड्याचं काम मला सगळ्यात आवडतं. पूर्वी बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालतच नसत, आजोबांच्या धोतराचं नाहीतर आजीच्या लुगड्याचं धडपं असायचं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या सुतापुढे आमचं मलमलही जाड वाटतं. आता लोक आजीची नऊवारी आम्हाला पाठवतात, बऱ्याचदा आजी गेल्यानंतरची. आली की आधी ती खिडकीशी उजेडात धरायची. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, पलीकडचं दिसतं. पदराकडचा भाग अजून घट्ट असतो. विरलेल्या जागी दोन अंगठे ठेवून हलकं ताणलं आणि सुतं सरकली, की तो भाग गोधडीच्या पोटात जातो. घट्ट भागातून झबली आणि एखादं दुपटं. काठ आम्ही टाकत नाही, तो गोधडीच्या कडेने फिरवतो. वरून धावदोरा, हातानेच. मशिनची गोधडी टणक होते, कुणी काही म्हणो.

रंगाबद्दल नेहमी विचारणा होते : गुलाबी की निळा? आम्ही पांढरा, हळदी, पिस्ता, आकाशी असे सगळे एकत्रच घालतो आणि मुलगा की मुलगी हे बाळ आल्यावरही विचारत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला, देशाचा 1994 मध्ये आला. तरीही 2017 साली आमच्याच जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचं जे प्रकरण उघडकीला आलं ते आम्ही विसरलेलो नाही. परदेशातल्या काही ताई कळवतात, मुलगी आहे, तिकडे आधी सांगतात. त्यांना आम्ही त्याच रंगांचा गठ्ठा पाठवतो. एकीनेही तक्रार केलेली नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. मशिनच्या मोटारी गेल्या, खालच्या खोलीतलं कापड गेलं. तयार गठ्ठे तेवढे आम्ही आधी मिरजेला बहिणीकडे हलवले होते. त्या आठवड्यातही फोन आलेच, बाळं पूर ओसरायची वाट बघत नाहीत. कुरिअर बंद होतं. सासूबाई प्रत्येकीला एकच सांगायच्या, ‘तोवर जुन्या धोतरात गुंडाळ, चांगलं असतं.’ त्यानंतर आम्ही कपाट वरच्या मजल्यावर नेलं.

नावाचं भरतकाम पुढे वाढलं आणि आज दुकान त्यावरच जास्त चालतं. बारशाच्या दुपट्यावर साखळी टाक्याने बाळाचं नाव. ऑर्डर देते आत्या, कारण नाव ठेवायचा मान तिचा. बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून ती नाव सांगणार, तोपर्यंत ते कुणाला कळता कामा नये. त्यामुळे गावोगावची नावं आम्हाला घरच्यांच्या आधी ठाऊक असतात. एका बाळाच्या वडिलांनी फोन करून विचारलं, ‘ऑर्डरमध्ये काय लिहिलंय हो?’ नाही सांगितलं. ‘अहो, मी बाप आहे!’ म्हटलं, आत्याबाईंना विचारा. ते दुपटं नावाची बाजू आत घडी करून वेगळ्या कागदात जातं.

नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारं नावाचं पहिलं अक्षर, काढून आलेली मंडळी जास्त हैराण असतात. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. त्यात आर्द्रेला ‘ङ’ येतो, हस्ताला ‘ण’, उत्तराभाद्रपदेला ‘ञ’. यावरून नाव आणायचं कुठून? मग शेजारचं अक्षर घेतात, नाहीतर पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. आम्हाला मत विचारलं तर एवढंच सांगतो, की घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. वर्षभरात नाव घातलं तर शुल्कही नाही. बारसं बाराव्याच दिवशी व्हायला हवं असंही नाही, हल्ली कितीतरी जणी सवा महिन्याने करतात. दाखल्यावर काय लिहायचं ते मात्र नीट ठरवा. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तेव्हापासून दुपट्यावरही आईचं नाव भरून मागणाऱ्या आल्या. दोरा जास्त लागतो, पण आमच्या भरतकाम करणाऱ्या काकू त्याचे वेगळे पैसे लावू देत नाहीत.

आज घरी बसून शिवणाऱ्या बायका बुधगाव, कुपवाड, मिरज अशा पसरल्या आहेत. नगावर पैसे, शनिवारी रोख. सासूबाई आता शिवत नाहीत, पण उलटी-सुलटी शिवण तपासायला बसतात आणि रोज एखादं झबलं परत पाठवतात.

बारशाची ऑर्डर देणार असाल तर एवढं करा. नाव देवनागरीत लिहून त्याचा फोटो पाठवा, इंग्रजी स्पेलिंगवरून ‘ईरा’ की ‘इरा’ ते कळत नाही. जोडाक्षर असेल तर मोठं काढून दाखवा. बाळाला पाळण्यात घालण्याआधी ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत जो वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवता, त्यालाही आम्ही झबलं-टोपडं शिवतो. त्याचा घेर दोऱ्याने मोजून कळवा. घरात वरवंटा नसेल आणि खलबत्त्यातल्या बत्त्यावर भागवणार असाल तर तेही सांगा, त्याला टोपडं बारीक लागतं.