भिंत आमची, फ्लोअर दुसऱ्याचं: आमची वाटचाल

सुरुवात कंपाउंडच्या प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या पाट्यांपासून झाली. चाकण-तळेगावकडे गोदामं वाढली तशी त्यांच्या भिंतींच्या मोठ्या पॅनेलची कामं घेऊ लागलो. त्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही, काम होतं, पैसे येत होते.

मग चाकणचं ते गोदाम आलं. पूर्वेची भिंत आमची. पश्चिमेची मुख्य ठेकेदाराने स्वस्तात दुसऱ्या पार्टीला दिली. आमच्या बाजूला ट्रिमिक्स, म्हणजे फ्लोअरचं काँक्रीट, भिंतीच्या तीन फूट अलीकडेच थांबवायला लावलं. पॅनेलमधून आलेल्या सळया त्या मोकळ्या पट्टीत सोडल्या आणि फ्लोअर चांगलं वाळल्यावर, सगळ्यात शेवटी पट्टी ओतली. समोरच्यांनी फ्लोअर थेट भिंतीला भिडवलं, भिंतीतली लोखंडी प्लेट फ्लोअरमधल्या प्लेटला वेल्ड केली आणि मोकळे झाले. वेळ वाचवला म्हणून मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक!

उन्हाळ्यात एकेका प्लेटच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली. काँक्रीट वाळताना आक्रसतं. भिंत स्वतःच्या पायावर, फ्लोअर मुरमावर. दोघांना आधीच जखडलं तर तुटणार कोण? फ्लोअरच. आमची बाजू स्वच्छ होती. तरी ‘पॅनेलवाल्यांचा दोष’ म्हणत आमचंही शेवटचं बिल आणि रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, अडकवलं. पॅनेल उचलायची हायड्रा क्रेन विकावी लागली. समोरची पार्टी मात्र ब्रोशरवर अजून त्याच गोदामाचा फोटो छापते. बाहेरून काढलेला, अर्थात.

तेव्हा भोसरीचे आमचे गिअरवाले शेठ उभे राहिले. “आधी पैसे घ्या, पॅनेल नंतर द्या,” म्हणाले. त्यांच्या शेडवर स्वतः ओळंबा धरून बघायचे, तेही चहा थंड होईस्तोवर. त्या शेडसाठी घेतलेले टर्नबकलचे प्रॉप, म्हणजे पॅनेलला तिरका आधार देणारे, आट्या फिरवून लांबी जुळवायचे टेकू, आजही वापरात आहेत. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय रॅकवर जात नाहीत.

नवीन पोरांना सांगतो, पायाची चर भरताना काळी माती परत लोटू नका. मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांत, पाणी मारून ठोका. भराव खचला की वरची पट्टीही खचते आणि भिंतीलगत फट दिसते. रूफचं स्टील बोल्ट होऊन पट्टीला ताकद येईपर्यंत प्रॉप हलवायचे नाहीत. फ्लोअरवाला कटकट करणारच, त्याला करू द्या.

परवा त्याच ठेकेदाराचा नव्या साइटच्या कोटेशनसाठी फोन आला. आधी जुनं रिटेन्शन, मग कोटेशन, असं कळवलंय.