टूर कागदावर उभी करताना: पर्यटन व्यवस्थापन शिकणाऱ्यांसाठी

पर्यटन व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रात पर्यटकाची व्याख्या पाठ होते. नेहमीचा परिसर सोडून जाणारा, तिथे किमान एक रात्र राहणारा, पण वर्षाच्या आत परतणारा तो पर्यटक; मुक्काम न करता परतणारा तो एकदिवसीय प्रवासी. ही व्याख्या परीक्षेपुरती ठेवू नका. कोल्हापुरात सकाळी उतरून अंबाबाईचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली, चपलेचा जोड घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेलं, असं कुटुंब आणि दोन रात्री राहणारं कुटुंब यांच्या खर्चात किती अंतर असतं, ते एकदा वहीत मांडून पाहा. खोली, रात्रीची दोन जेवणं, रिक्षा, पन्हाळ्याचा गाईड, परतताना गुळाची ढेप, हे सगळं मुक्कामामुळे येतं. म्हणून माझ्या मते या शिक्षणातलं सगळ्यात मोलाचं कसब एकच आहे: माणूस आनंदानं राहील आणि टूर काढणाराही बुडणार नाही, अशी टूर आखता येणं.

आखणीपेक्षा कॉस्टिंगमध्ये, म्हणजे टूरचा खर्च आणि दर काढण्यात, मुलं जास्त अडखळतात, म्हणून आधी तेच घेऊ.

समजा, पुण्याहून कोल्हापूरची दोन रात्री तीन दिवसांची टूर आहे आणि 17 सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलीय. टूर मॅनेजर आणि गाईड वजा केले की 15 पाहुणे बसतात. पुणे ते कोल्हापूर साधारण 230 किमी, म्हणजे जाऊन-येऊन 460. कोल्हापूर परिसरातलं फिरणं 240 धरलं तर एकूण 700. बहुतेक विद्यार्थी 700 ला किलोमीटरच्या दराने गुणतात आणि पहिली चूक इथेच होते. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान किलोमीटर लागतात, बहुधा 250 किंवा 300. दिवसाला 300 ठरले असतील तर गाडी 700 किमी फिरली तरी बिल 900 चंच येतं. दर 26 रुपये धरला तर 23,400. त्यात ड्रायव्हरचा भत्ता रोज 500 प्रमाणे 1,500, टोल-पार्किंग 2,100, गाईड 3,000, टूर मॅनेजरचं राहणं-जेवण 6,000. एकूण 36,000. (दर नमुन्याचे आहेत. सरावासाठी खरे दर दोन-तीन गाडीवाल्यांकडून लेखी घ्या, आणि भत्त्यात नाइट हॉल्ट, म्हणजे ड्रायव्हरचा रात्रीचा मुक्काम, धरलाय का, हे त्याच वेळी विचारा.)

हा झाला स्थिर खर्च. माणसं आठ येवोत की पंधरा, तो तेवढाच. माणसागणिक वाढणारा खर्च वेगळ्या रकान्यात मांडायचा: दोघांत एक खोली 2,400 रुपयांना, म्हणजे माणशी दोन रात्रींचे 2,400, जेवण-नाश्ता 2,100, प्रवेशशुल्क आणि किरकोळ 300. माणशी 4,800.

आता 36,000 ला कितीने भागायचं? गाडीत 15 जागा दिसतात म्हणून मुलं 15 ने भागतात. खर्च येतो माणशी 7,200, त्यावर 15 टक्के चढवले की दर 8,280. दिसायला आकर्षक. पण प्रत्येक माणसामागे स्थिर खर्चासाठी 3,480 च उरतात, म्हणजे अकरावा माणूस येईपर्यंत टूर तोट्यात. दहाच आले तर 1,200 रुपये खिशातून जातात. तेच 12 ने भागलं तर खर्च 7,800 आणि दर 8,970. मग नऊ माणसांवर टूरचा खर्च निघतो आणि त्यापुढचा प्रत्येक माणूस 4,170 रुपये हातात ठेवतो. गाडी पूर्ण भरेल हे गृहीत धरून कधीही भागू नका.

आणखी दोन गोष्टी. 7,800 वर 15 टक्के चढवणं म्हणजे विक्रीवर 15 टक्के नफा नव्हे. तो साधारण 13 टक्केच पडतो. विक्रीवर 15 हवा असेल तर 7,800 ला 0.85 ने भागायचं, उत्तर 9,176. दुसरी गोष्ट एकट्या प्रवाशाची. माणसं विषम झाली की एकाला खोली एकट्याला लागते आणि दोन रात्रींचे 2,400 जादा होतात. ते सिंगल सप्लिमेंट म्हणून दरपत्रकात आधीच छापलेलं असावं. नंतर मागितलं की भांडण ठरलेलं. जीएसटी सगळ्यात शेवटी, एकूण रकमेवर.

आखणीत दिशा पाळा. पन्हाळा आणि जोतिबा वायव्येला, दोन्ही शहरापासून साधारण 20 किमीच्या आत. नृसिंहवाडी आणि खिद्रापूर पूर्वेला, वाडी सुमारे 45 किमी आणि खिद्रापूर त्याच्याही पुढे. नकाशावर ‘जवळजवळ’ दिसतं म्हणून सकाळी पन्हाळा आणि दुपारी खिद्रापूर ठेवलं, तर पाहुणे खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या दारात अंधार पडल्यावर पोचतात आणि स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून येणारा उजेड बघायचा राहूनच जातो. तो मंडप दिवसाउजेडीच पाहायचा, 48 खांबांवरची नक्षी तेव्हाच डोळ्यांत भरते. जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे शनिवार-रविवारच्या टूरमध्ये डोंगर शनिवारी घ्या. अंबाबाईला मंगळवारी-शुक्रवारी रांग लांबते. नवरात्रात तर दर्शनाला वेळेचा अंदाज बांधूच नका, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

किरणोत्सवाची, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर येतात त्या सोहळ्याची, टूर मुक्कामासाठी उत्तम, कारण घटका मावळतीची असते आणि त्यानंतर घरी परतायचं म्हटलं तर रात्र होते. तारखा 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात अशी अपेक्षा असते. पण महाद्वाराच्या बाजूची उंच बांधकामं, ढग आणि धूळ आड येतात. म्हणून माहितीपत्रकात ‘किरणोत्सव दाखवू’ असं लिहू नका, ‘किरणोत्सवाच्या काळातील सहल’ लिहा. एका क्रियापदावरून तक्रार उभी राहते.

पर्यटन वहनक्षमतेचा, म्हणजे एखाद्या जागेला किती पर्यटक झेपतात याचा, धडा तर पन्हाळ्यावरच गिरवावा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले आले, त्यात पन्हाळा आहे. आता हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. सूत्र सोपं: जागेचं क्षेत्रफळ भागिले एका माणसाला लागणारी जागा, गुणिले दिवसातल्या फेऱ्या. गडावरच्या सज्जाकोठी या इमारतीच्या वरच्या मजल्यावर टेप लावून मापं घ्या. समजा, वापरता येणारी जागा 60 चौरस मीटर भरली आणि माणशी 2 धरली, तर एका वेळी 30 जण. आठ तास खुलं, प्रत्येकजण 15 मिनिटं थांबतो, म्हणजे 32 फेऱ्या आणि दिवसाला 960. बहुतेक प्रकल्प अहवाल या 960 वर थांबतात, आणि नेमका तोच आकडा फसवा. रविवारी सकाळी 11 वाजता शाळेच्या चार बस एकदम येतात, तेव्हा 160 मुलं जिन्याखाली उभी असतात. दिवसाची सरासरी त्या क्षणी निरुपयोगी. खरा आकडा 30. त्यावरून गट पाडायचे: एक सज्जाकोठीत, एक अंबरखान्यात, एक तीन दरवाजा आणि अंधारबावीकडे, आणि 25 मिनिटांनी अदलाबदल. अहवालात पाऊस, ऊन, जिन्याची रुंदी यांचे सुधारणा-गुणक (त्यांच्यामुळे क्षमता किती घटते ते) धरायचे असतातच, पण गट पाडण्याचं वेळापत्रक जोडलं तरच गडावरच्या माणसाला त्याचा उपयोग.

विमान आरक्षण प्रणालीचा पेपर, म्हणजे अमाडेअस किंवा गॅलिलिओ, हातानंच येतो. वाचून येत नाही. पीएनआर, म्हणजे प्रवाशाच्या आरक्षणाची नोंद, पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात: नाव, प्रवासाचा मार्ग, संपर्क, तिकिटाची मुदत आणि आरक्षण कोणाच्या सांगण्यावरून केलं त्याची नोंद. नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच, आधी आडनाव. शहरांचे कोड रोज दहा पाठ करा. कोल्हापूर केएलएच, पुणे पीएनक्यू.

इंटर्नशिप शक्यतो गर्दीच्या हंगामात घ्या, दिवाळीची सुट्टी किंवा मे. हॉटेलची रिलीज डेट (राखलेल्या खोल्या पक्क्या करायची शेवटची तारीख) उलटून खोल्या सुटल्या, रूमिंग लिस्टमध्ये (कोणाला कोणती खोली त्या यादीत) आजोबांना तिसरा मजला आला, शाकाहारी गटाच्या व्हाउचरवर तांबडा-पांढरा रस्सा लिहिला गेला, असे गोंधळ तेव्हाच होतात आणि ते निस्तरायला तेव्हाच शिकता येतं.

पावसाळी टूरचा कागद वेगळा करा. दाजीपूरचं जंगल त्या काळात पर्यटकांसाठी बंद असतं. वाडीला पाणी चढलं की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याला (नदीचं पाणी दत्त मंदिरातून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा) येतात, पण त्याच पाण्यानं रस्तेही जातात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या ऑपरेशन शीटवर पहिल्या ओळीत राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी लिहायची जागा ठेवा. 39 फूट इशारा पातळी: वाडी-खिद्रापूर वगळून पर्यायी दिवस लावायचा, हॉटेलला आणि गाडीवाल्याला फोन करायचा. 43 फूट धोका पातळी: गट पुण्यातच थांबवायचा. परतावा किती आणि कधी, हे बुकिंगच्या अर्जावर आधीच छापलेलं असलं पाहिजे.