पप्पांची आख्खी गोळी

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, मी काम करते. गोळ्या विरघळवणं, म्हणजे डिसोल्यूशन, हाच माझा दिवस. घरी म्हार्दोळला मात्र पप्पांची गोळी मला पुरून उरली.

त्यांना मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर ५०० आहे; एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी. एका रविवारी आई हळूच म्हणाली, "बाय, चार दिवस पप्पांचं पोट बिघडलंय. गोळी वाटून घेतात."

वाटून? पाट्यावर! विचारलं तर पप्पा ओशाळले. "संडासात आख्खी गोळी दिसली गो. विरघळतच नाही, मग घ्यायची कशाला?"

अशा बऱ्याच एसआर गोळ्यांत एचपीएमसी नावाचा पदार्थ असतो. पाणी लागलं की तो फुगून जेलीसारखा होतो आणि औषध त्यातून तासन् तास झिरपतं. वाटलं की सगळा डोस एकदम पोटात. मळमळ, जुलाब व्हायचेच. डॉक्टरांना फोन केला. वाटणं बंद, गोळी न तोडता रात्रीच्या जेवणाबरोबर. पोट दोन दिवसांत ताळ्यावर आलं.

दिसलेल्या गोळीतलं औषध निघून गेलेलं असतं, हे पप्पांना मात्र पटेना. आमच्या लॅबमध्ये सहा भांड्यांत सहा गोळ्या टाकतात. प्रत्येकात एक लिटर बफर, म्हणजे ठरावीक आम्लतेचं पाणी, ३७ अंश तापमान, फिरतं पातं. पहिल्या, तिसऱ्या, दहाव्या तासाला नमुना काढून किती औषध उतरलं ते २३२ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजायचं. दहाव्या तासाला बहुतेक औषध पाण्यात उतरलेलं असतं, तरी तळाशी गोळी असतेच. तो गोळा मी कितीदा ओतून टाकलाय! घरी सांगावं असं कधी सुचलं नाही.

शेवटी काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन एक गोळी टाकली. पेल्यात पातं नाही, म्हणून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबलो. पप्पा येता-जाता वाकून बघायचे. गोळी दुप्पट फुगली, कडा काचेसारख्या झाल्या, मधे पांढुरका ठिपका उरला. चमच्याने दाबली तर पिकल्या जांभळासारखी बसली.

पप्पांनी ती बोटावर घेतली, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"म्हणजे मला दिसली ती नुसती पिशवी?"

"होय."

"आणि भाजी आमच्या पोटात गेली?"

"गेली."

त्यांनी हात धुतला आणि आईला हाक मारली, "अगो, तो पाटा धुऊन ठेव."