पर्चेस साहेबांनी परत केलेलं नाणं

संभाजीनगरजवळच्या वाळूजला आमचं प्रेस पार्ट्सचं, म्हणजे पत्रा दाबून केलेल्या सुट्या भागांचं, छोटं वर्कशॉप आहे. धंदा सुरू केल्यावरच्या दुसऱ्या दिवाळीला मी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस साहेबांच्या घरी काजूकतली आणि चांदीचं नाणं देऊन आलो. साहेब घरी नव्हते, वहिनींनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "गेटवर या जरा." नाणं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मिठाई पोरांनी खाल्ली, ती राहू द्या. पण तुमचा रेट वाढवून मागितलेला कागद माझ्या टेबलावर पडलाय. आता सही केली तर ऑफिसातले बोलतील. नाही केली तर तुम्हाला वाटेल, नाणं घेऊन बसला."

रात्री झोप लागली नाही. सणाला रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पण एका सरळ माणसाला मी अडचणीत टाकलं होतं, आणि तेही त्याच्या घरात शिरून.

पुढच्या वर्षी गणपतीतच प्रत्येक कंपनीत फोन लावून विचारलं, तुमच्याकडे काय चालतं? विचारताना जीभ अडखळली, पण कुणालाच राग आला नाही. एका कंपनीत सप्लायरकडून काहीच घेत नाहीत. तिथे हातानं लिहिलेलं शुभेच्छापत्र दिलं. दुसरीकडे खाण्याची वस्तू चालते, पण रिसेप्शनवर, सगळ्या डिपार्टमेंटसाठी. सरकारी गिऱ्हाइकाला काहीच नाही. कोटेशन किंवा रेटचा कागद अडकलेला असेल तिथेही नाही, सण उलटून गेला तरी चालेल.

सीए ताईंनी हिशेबाचंही सांगितलं. भेटवस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही. आणि जुलै २०२२ पासून, धंद्यातल्या एकाच माणसाला किंवा कंपनीला वर्षात २०,००० रुपयांच्या वर लाभ दिला, तर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे देणाऱ्यानंच कर कापून सरकारकडे भरण्याचा, नियम आहे. माझा आकडा तिथवर जातच नाही, तरी वहीत प्रत्येक खोक्याची नोंद ठेवतो.

द्यायचं काय, ते मामांच्या मळ्यानं सोडवलं. त्यांची मोसंबी जालन्याची. बीडकडच्या बालाघाट डोंगरातली सीताफळं मला जास्त आवडतात, पण ती पिकली की दोन दिवसही थांबत नाहीत. मोसंबीचं क्रेट रिसेप्शनवर ठेवलं, चिठ्ठीवर एकाचं नाव न घालता "पर्चेस आणि स्टोअरच्या सगळ्यांना" असं लिहिलं.

संध्याकाळी साहेबांचाच फोन आला. स्टोअरची पोरं मीठ लावून खात होती म्हणे.