बोर्ड गेलाय म्हणे!

मागच्या जुलैत सकाळी सकाळी रत्नागिरीहून बाबांचा फोन, इतक्या लवकर फोन आला की आधी पोटात गोळाच येतो. तर म्हणे "अरे, पीसी चालू होईना, काल रात्री नीट बंद केला होता." हा पीसी मीच २०१४ मधे पार्ट आणून जोडलेला, आय थ्री वाला, आणि बाबांचे सोसायटीचे हिशेब, पेन्शनचे कागद, पत्त्यांचा गेम सगळं त्याच्यावरच. मला इकडे पुण्यात ऑफिसची घाई, म्हटलं तिथल्याच कुणाला तरी बोलवून दाखवा. दुपारी परत फोन. एक जण आला, बटण दोनदा दाबलं, म्हणाला काका बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, सगळे पार्ट ज्याला जोडलेले असतात ती मोठी पाटी) गेलाय, याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं मिळून १८ हजार. आणि यायचे ३०० घेऊन गेला. मी विचारलं कॅबिनेट उघडला होता का, तर नाही. डोकंच फिरलं माझं.

मग संध्याकाळी बाबांना फोनवर धरून बसवलं. पहिला प्रश्न, चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? कारण निम्म्या वेळा लोक चालू होत नाही म्हणतात तेव्हा आत पंखा गरगरत असतो, लाइट लागलेला असतो, फक्त स्क्रीन काळा असतो. तो पीसी चालू आहे हो! तिथे मॉनिटरचं स्वतःचं बटण, केबल, किंवा ग्राफिक्स कार्ड असताना केबल चुकून बोर्डाच्या पोर्टला लावलीय का, आणि मग रॅम, म्हणजे बोर्डात खोचलेली मेमरीची पट्टी, असं बघायचं. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलकी पुसून परत बसवा हा सल्ला जो तो देतो तो या केससाठी आहे. बटण दाबल्यावर पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही, काहीच नाही, तर रॅमच्या मागे लागू नका, भानगड बहुतेक वेळा करंटच्या वाटेवर असते. आमचा एकदम ठार शांत होता.

मग भिंतीपासून सुरुवात. सॉकेटला करंट आहे का बघायला सगळे मोबाईलचा चार्जर लावतात, पण चार्जर करंट इतका कमी ओढतो की ढिल्या सॉकेटवरही तो चालतो, म्हणून आईचा मिक्सर आणून लावायला सांगितला. (आई: "आता माझा मिक्सर पण बिघडवा.") मिक्सर चालला. मग यूपीएस आणि स्पाइक गार्ड दोन्ही बाजूला काढून पीसी थेट भिंतीला लावला, कारण यूपीएसची बॅटरी संपलेली असली की बऱ्याचदा खापर पीसीवर फुटतं. मग पॉवर कॉर्ड, त्याची सोपी युक्ती म्हणजे मॉनिटरचा लाइट लागतोय ना, मग मॉनिटरची कॉर्ड काढून पीसीला लावा, बऱ्याच मॉनिटरना तीच कॉर्ड असते. मग मागे एसएमपीएसवरचा (म्हणजे भिंतीचा करंट घेऊन आतल्या पार्टना पुरवणारा डबा, त्याच्यावरचा) छोटा स्विच. त्यावर उभी रेघ आणि गोल अशा खुणा असतात, रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. तो गोल इंग्रजीतला ओ समजून "ओ म्हणजे ऑन" असं धरणारे लोक मी पाहिलेत, त्यात आमचे एक मामा पण आहेत. शेवटी प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो, आणि परत लावून बघायचं, कधीकधी एवढ्यानेच काम होतं. आमचं झालं नाही.

शनिवारी गेलोच मग. प्लग काढला, साइडचं झाकण उघडलं, आत ही धूळ आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्याची टरफलं. जळका वास नाही, बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे ते उभे छोटे डबे, कुठे फुगलेले नाहीत. म्हटलं बोर्ड तर चांगला दिसतोय.

आता इथे एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं जातं. पीसीचं बटण हे ट्यूबच्या बटणासारखं नसतं, ते डोअरबेलसारखं असतं. भिंतीचा करंट त्यातून जातच नाही. पीसी बंद असला तरी एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट देत बसलेला असतो, आपण बटण दाबलं की बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना चिकटतात, बोर्डाला कळतं की साहेब आले, मग बोर्ड हिरव्या वायरवरून एसएमपीएसला सांगतो उठ, आणि मग पंखे फिरतात. म्हणजे मधे तीन जण आहेत, बटण, बोर्ड आणि एसएमपीएस, आणि तिघांतला कुणीही गेला तरी बाहेरून दिसायला सेम टू सेम. त्या माणसाने तिघांतला सगळ्यात महागडा निवडला एवढंच.

आधी एसएमपीएस. प्लग काढलेला असतानाच बोर्डातला २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढला, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी यांच्यामधे यू आकारात वाकवलेली पेपर क्लिप घातली, मगच प्लग लावून चालू केलं. पंखा फिरला! पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस शंभर टक्के ठणठणीत असं नाही, पण जिवंत आहे. सगळ्या वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालत बसू नका. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत जोरात झटका बसेल इतका करंट साठलेला असू शकतो.

परत प्लग काढला, मगच क्लिप काढून कनेक्टर बसवला. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांची दुहेरी रांग असते, कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या आणि लाइटच्या वायरी तिथे येतात. त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना कुठल्या ते बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं (मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचलं, वय झालं), त्यावरची वायर उपसली, प्लग लावला आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक फक्त सेकंदभर टेकवलं. त्याच दोन हं, शेजारच्या नाही.

घर्रर्र. एक बीप. आणि स्क्रीनवर विंडोज.

बाबा माझ्याकडे बघतायत, मी बाबांकडे. १८ हजारांचा बोर्ड मस्त चालू होता, मेलं होतं ते बटण. खोलून बघितलं तर आतली पत्र्याची पट्टी गंजून हिरवी पडलेली, रत्नागिरीची खारी हवा आणि त्यात पावसाळा, आमच्याकडे कडीकोयंडे टिकत नाहीत तिथे हे काय टिकणार.

नवीन बटण फार महाग नसतं, पण शनिवारी रात्री आणणार कुठून? मग रीसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली, दोन्ही बटणं आतून सारखीच असतात, आणि रीसेट तसंही बाबांनी कधी दाबलेलं नाही. फक्त ते बटण एवढंसं, काळ्या कॅबिनेटवर काळं, बाबांना चष्मा लावून पण सापडेना. आईने देवघराशेजारच्या आरशावरची एक लाल टिकली काढून त्यावर चिकटवली.

नवीन बटण अजून आणलेलं नाही. टिकली मात्र दोनदा बदलून झाली.