कोठीघराला लागून असलेली खोली

फोनवर मला एवढंच सांगितलं होतं की दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे, येऊन फवारणी करून जा. वाळवी चौकटीत दिसते खरी, पण ती येते कुठून हे कळायला घराभोवती फेरी मारावी लागते. त्यामुळे मी पंप गाडीतच ठेवतो आणि आधी बॅटरी, स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडातली ओल मोजायचं यंत्र घेऊन निघतो. त्या दिवशीही तसाच निघालो. मात्र सुरुवात घराबाहेरून केली, हे मला आजही टोचतं.

घर शेतात, एकटं. दगडी जोतं, वर मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, कौलं. मागे गोठा, आणि एका अंगाला घराच्याच भिंतीला टेकून नंतर बांधलेलं कोठीघर. एरवी तिथे आजी एकट्याच असत. सुट्टीमुळे मुलगा, सून आणि दोन नातवंडं आली होती.

चौकट ठोकून पाहिली. वरचा रंग धड, आतून आवाज पोकळ. बाहेरच्या बाजूला पावसाळ्यासाठी सरपण भिंतीला लावून रचलेलं होतं. चार ओंडके बाजूला केले तर जोत्याच्या दगडांवरून वर चढलेल्या मातीच्या नळ्या, पेन्सिलीएवढ्या जाड. एक नळी दोन बोटं फोडली, आत पांढुरक्या कामकरी वाळव्यांची लगबग. फोडलेल्या जागेशेजारी खडूने खूण केली. वारूळ जिवंत असेल तर दोन-चार दिवसांत ती जागा पुन्हा लिंपलेली दिसते. वर पागोळ्यांचं पाणी नेमकं त्याच भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं. चौकटीच्या तळाशी यंत्राने २० टक्क्यांच्या वर ओल दाखवली. ओल, माती आणि लाकूड तिन्ही एकाच जागी, वाळवीला आणखी काय लागतं?

पडवीतल्या वाशांवरची बारीक गोल छिद्रं आजींनी दाखवली. त्यांना ती वाळवीच वाटत होती. मी त्यांना खाली पडलेला भुसा बोटावर घेऊन दाखवला, पिठासारखा मऊ. हा भुंगेऱ्याचा. त्याला मातीशी संबंध लागत नाही. त्याची अळी कोरड्या लाकडात आतल्या आत कित्येक महिने, कधी काही वर्षं पोखरत राहते आणि छिद्र दिसतं ते पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडून गेल्यावर. म्हणून नुसत्या छिद्रांवरून घाबरायचं नसतं. छिद्राखाली ताजा, फिकट भुसा पुन्हा पुन्हा जमतोय का, ते पाहायचं. आजी लक्ष देऊन ऐकत होत्या. या सगळ्यात अर्धा तास गेला.

मग भिंतीची आतली बाजू बघायला मी मधल्या खोलीत गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. सहा-सात वर्षांची मुलगी अजून अंथरुणात होती, भिंतीकडे तोंड करून. तिचा मोठा भाऊ दाराशी कपाळ धरून बसला होता.

"रात्रीपासून दोनदा उलटी झाली तिला," सूनबाई म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणते. काल उन्हात खेळली ना दिवसभर."

"आणि याला?"

"त्याचंही डोकं. मलाही सकाळपासून छातीत जरा दाटल्यासारखं वाटतंय. काहीतरी बाधलं असणार सगळ्यांना."

आजी रात्री पडवीत झोपल्या होत्या, मुलगा बाहेर खाटेवर. दोघंही ठणठणीत. खोलीत झोपलेले तिघं मात्र आजारी. हा हिशोब मी त्या क्षणी मांडलाच नव्हता. मी भिंतीच्या पायथ्याशी वाकलो, ते केवळ वाळवी बघायला. मुलीच्या उशीपासून हातभर अंतरावर घुशीचं बीळ होतं, तोंडाशी ताजी भुसभुशीत माती. आणि वाकल्याबरोबर वास आला. फार तीव्र नाही. लसणासारखा, त्यात काहीतरी कुजल्यासारखं मिसळलेलं.

तो वास मी प्रशिक्षणात घेतला होता, आणि तो आला की काय करायचं हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसवलं होतं. मुलीला अंथरुणासकट उचललं आणि बाहेर निघालो. "सगळे बाहेर या, लगेच, काही घ्यायला थांबू नका," एवढंच ओरडलो. वारा ज्या दिशेने येत होता तिकडे, घरापासून बऱ्याच अंतरावर एका झाडाखाली सगळ्यांना नेलं.

"दादा, कोठीघरात गोळ्या ठेवल्यात का?"

मुलगा गोंधळला. "काल संध्याकाळी ठेवल्या. घुशींनी पोती फोडली होती. पण खोलीला कुलूप आहे, आत कोणी जात नाही. पोत्यांखाली थोड्या टाकल्या आणि भिंतीलगतच्या बिळात दोन. बिळाचं तोंड ओल्या मातीने घट्ट लिंपलंसुद्धा."

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. साठवलेल्या धान्यात धुरी देण्यासाठी त्या वापरतात. गोळी स्वतः निपचित असते. हवेतली किंवा मातीतली ओल तिला लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. वायू माणसाच्या शरीरातल्या पेशींचा श्वासच अडवतो, आणि त्यावर उतारा नाही. दवाखान्यात फक्त हृदय, रक्तदाब आणि श्वास सांभाळत राहता येतं. जिथे माणसं झोपतात त्या इमारतीला लागून या गोळ्या ठेवायच्या नसतात, आणि प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तर कुठेच नाही.

त्या दादांनी आपल्या परीने काळजीच घेतली होती. कुलूप लावलं, बीळ बुजवलं. पण ओल्या मातीने वायू आणखी जोरात सुटला आणि कोठीघराकडचं तोंड बंद झाल्यामुळे त्याला बाहेर पडायला घुशीचं दुसरं तोंड तेवढं उरलं. घूस एकाच तोंडाचं बीळ सहसा करत नाही. मातीची भिंत तिला भिंत वाटतच नाही, पायाखालून ती या खोलीतून त्या खोलीत सहज जाते. दुसरं तोंड मुलांच्या उशाशी निघालं होतं, आणि रात्री खिडक्या बंद होत्या.

दादा तोंडाला ओला फडका बांधून गोळ्या काढायला धावले. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. फडक्याने हा वायू अडत नाही. गोळ्यांवर पाणी पडलं तर वायू झपाट्याने सुटतो, पेटही घेऊ शकतो. माझ्याजवळचा मास्क फवारणीच्या वाफांसाठीचा होता, फॉस्फिनला तो चालत नाही, म्हणून मीही आत गेलो नाही. घराची समोरची दारं तेवढी बाहेरूनच ढकलून उघडी टाकली. मुलांना आणि सूनबाईंना माझ्या गाडीत घातलं, काचा पूर्ण उघडल्या. डबीवरचं नाव दादांना आठवत होतं, ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. दवाखान्यात पोहोचल्यावर "उलट्या होतायत" असं न सांगता आधी तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला. नाहीतर बाधलंय समजून सलाइन लावून घरी पाठवलं गेलं असतं, त्याच खोलीत.

तिघांनाही दवाखान्यात ठेवून घेतलं. या वायूचा त्रास उशिरानेही वाढू शकतो, फुफ्फुसांत पाणी भरू शकतं, म्हणून तीन दिवस सतत लक्ष ठेवलं. त्या तीन दिवसांत मी दुसरं कुठलंही काम घेऊ शकलो नाही. चौथ्या दिवशी दादांचा फोन आला, की धाकटी उठून भावाशी भांडतेय. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

त्याआधी, दुसऱ्या दिवशीच धुरीचं काम करणारा माझा सहकारी वायूमापक आणि योग्य मास्क घेऊन आला होता. कामाच्या जागी फॉस्फिनची मर्यादा दहा लाख भागांत ०.३ भाग एवढीच धरतात. दारं रात्रभर उघडी असूनही बिळाच्या तोंडाशी आकडा त्याच्या वरच होता. त्याने पोत्यांखालच्या गोळ्यांचे अवशेष कोरडेच गोळा करून हलवले, बिळाचं लिंपण फोडून ते मोकळं केलं. मापक सलग शून्यावर राहू लागला तेव्हाच घर त्यांच्या ताब्यात दिलं.

आठवड्याने मी वाळवीसाठी पुन्हा गेलो. खडूच्या खुणेजवळची नळी पुन्हा लिंपून झाली होती, म्हणजे वारूळ जिवंत होतं. सरपण भिंतीपासून लांब, दगडांवर उंच रचून घेतलं. पागोळ्यांखाली पन्हळ लावून पाणी जोत्यापासून दूर काढलं. हे झाल्यावरच जोत्याच्या कडेने चर खणून औषध दिलं, विहिरीकडची बाजू मात्र पूर्ण सोडली. तिथे जमिनीत औषध घालायला मी कधीच तयार होत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी. वाशांना बोरॉनच्या क्षाराचं द्रावण ब्रशने दोनदा पाजलं. चौकट बदलावीच लागली.

घुशींचं काम सगळ्यात चिवट. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत, जमिनीपासून उंच गेलं. बिळं दगड आणि सिमेंटने बुजवली, कोठीघराच्या दाराला खाली पत्रा मारला, झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी. उंदराचं पिल्लू ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतं, त्यामुळे हे काम अंदाजाने होत नाही, फट न् फट मोजावी लागते. सापळे भिंतीला काटकोनात लावले. घुशी-उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पहिले काही दिवस ते न ताणता नुसते आमिष घालून ठेवले.

दादांनी विचारलं, "सापळ्यांपेक्षा ते रक्त पातळ करणारं विष ठेवलं तर?" मी त्यांना गोठ्यात नेलं. माळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या चेहऱ्याची गव्हाणी घुबडांची जोडी होती, मागे पिल्लांची खसखस. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि तो खाल्ला की विष घुबडात उतरतं. आजी म्हणाल्या, "ती सासूबाईंच्या काळापासून येतात इथे. राहू देत." विषाचा विषय तिथेच संपला.

आता कुठल्याही घरी गेलो की बॅटरी पेटवण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. कोण कुठे झोपतं? आणि घरात कोणी आजारी आहे का? वाळवीवाल्याला याच्याशी काय करायचंय, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतं. मी विचारतोच.

शेवटच्या भेटीत धाकटी गोठ्याच्या दारात एक जुनं ताट घेऊन उकिडवी बसली होती. घुबडांनी खाली ओकून टाकलेला केसांचा एक गोळा तिने काडीने सोडवला होता आणि आतली बारीक हाडं ओळीने मांडली होती. "काका, एकातच तीन डोकी निघाली," ती म्हणाली, आणि काडी घेऊन दुसरा गोळा उचलला.