दात सोडत होतं कोण? टायमिंग बेल्टचा माझा अनुभव

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन मी तेज करून घेतलं होतं. हेडला फेसिंग मारून, म्हणजे त्याचा तळ थोडा घासून, कॉम्प्रेशन वाढवलं, जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम, त्याला साजेशा कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि कॅमवर पुढं-मागं सरकवता येणारी पुली. सुरुवातीला सोलापुरातून पुणे रोडनं मोहोळ कधी यायचं कळायचं नाही. मग खालची ओढ कमी झाली. आयडलिंगला इंजिन लंगडायला लागलं, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके.

गॅरेजमध्ये वरचं कव्हर काढलं. प्लग काढून टॉप गिअरमध्ये गाडी ढकलत एक नंबरचा पिस्टन वर आणला. कॅमची खूण मागं राहिलेली. "बेल्टनं दात सोडलाय, दादा." हा दातेरी पट्टा क्रँकशी, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याशी, कॅमचं फिरणं जुळवून ठेवतो. नवा बेल्ट पडला, गाडी छान चालली, आणि पुन्हा तेच. मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला. पुन्हा तेच. शेवटी निकाल लागला की बेल्ट डुप्लिकेट येतायत.

मला हे पटेना. ताणातला बेल्ट दात सोडतो तेव्हा अंगावर खुणा ठेवतो. दातांची टोकं घासतात, मुळाशी चिरा दिसतात. आमच्या बेल्टचे दात कोरे होते. बेल्टवर तेल गळतंय का बघायला कॅमच्या आणि क्रँकच्या सीलखाली बोट फिरवलं, तेलाचा थेंब नाही. फेसिंगमुळं हेड खाली बसतं, दोन पुल्यांमधलं अंतर घटतं आणि बेल्ट सैल पडतो, हा संशय रास्त होता. पण टेन्शनर अजून टोकाला गेला नव्हता, ढील खाऊन वर जागा शिल्लक होती. उतारावर गिअरमध्ये लावलेली गाडी मागं सरकली तर इंजिन उलटं फिरतं आणि सैल बेल्ट उडी मारू शकतो. आमच्या गल्लीत उतारच नाही.

मग मोजायला बसलो. पिस्टन अगदी वर असताना क्रँक थोडा फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही, त्यामुळं प्लगच्या भोकात गज घालून नेमका टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, सापडत नाही. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं काढून त्यात बोल्ट बसवला, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आत त्याला टेकेल. क्रँकच्या पुलीवर अंशांची चकती लावली. एकदा सुलट, एकदा उलट, दोन्हीकडून पिस्टन सावकाश टेकवला आणि दोन आकड्यांचा मध्य काढला. तो खरा टीडीसी. घाई केली तर पिस्टनला इजा होते, म्हणून हे हातानंच करायचं.

कॅमची खूण क्रँकच्या मापानं साधारण 11 अंश मागं निघाली. माझ्या क्रँकच्या दातेरी पुलीला 20 दात, म्हणजे एक दात 18 अंशांचा. बेल्ट एक दात सोडेल, दोन सोडेल, पण अर्ध्यामुर्ध्या दातावर बसू शकत नाही. त्या क्षणी बेल्टवरचा आळ माझ्यापुरता संपला.

संशयित उरले दोन, कॅमची पुली आणि क्रँकची पुली. कॅमच्या पुलीचे सरकते भाग मी आधीच पांढऱ्या रंगाच्या रेघेनं बांधून ठेवले होते, ती रेघ अखंड होती. खालचं कव्हर काढलं. कॅमची आणि क्रँकच्या पुलीची खूण एकमेकींशी बरोबर जुळत होती. न जुळणारा एकटा पिस्टन! म्हणजे पुली आणि बेल्ट एकदिलानं चालले होते, पण पुली क्रँकवर सरकत होती.

आणि मग ते दिसलं, जे मला आजही फार महत्त्वाचं वाटतं. क्रँकच्या पुलीच्या मधल्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवलं की सगळ्या खुणा जुळायच्या. टॉप गिअरमध्ये गाडी ढकलून फिरवलं की पुन्हा मागं. पाना बोल्ट फिरवतो, बोल्टचं डोकं पुलीला पुढं ओढतं आणि ढील भरून निघते. इंजिन चालताना मात्र क्रँक पुलीला ओढतो आणि कॅम मागं खेचतो. प्रत्येक नवा बेल्ट पान्यानं फिरवून बसवला होता, म्हणून तेव्हा सगळं ठीक दिसायचं.

पुली काढली. क्रँकच्या नाकावर तांबूस पूड, लोखंड लोखंडावर घासून पडलेली. क्रँक आणि पुली दोघांच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा म्हणजे चावी, तिच्या एका बाजूला पायरी पडलेली, ती बाजू चकचकीत. खाच एका अंगाला रुंदावलेली.

चावी घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर गेलो. तिथले अण्णा वर्षानुवर्षं यंत्रमागाच्या शाफ्टच्या खाचा करतात. चावी तळहातावर उलटीपालटी करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बोल्ट कशानं आवळला होता?" इंजिनाचं काम झालं तेव्हा एअर गननं, टॉर्क पाना न लावता. अण्णा म्हणाले, "चावी फक्त जागा दाखवते ओ. धरून ठेवतो बोल्ट. बोल्ट ढिला की चावी मार खाते, खाच खाते." कडक स्प्रिंगांमुळं कॅम पुलीला कधी मागं ओढतो, कधी पुढं ढकलतो. ढिल्या पुलीवर तोच हातोडा दर फेरीला पडत होता. बेल्टच्या कंपनीचा त्यात काही दोष नव्हता.

क्रँक इंजिनातच ठेवून खाच बारीक कानशीनं सरळ केली, खाली तेलपंपात कीस जाऊ नये म्हणून भोवती कापड गच्च दाबून. अण्णांनी रुंद खाचेच्या मापाची पायरीदार चावी घासून दिली, ती लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यानं बसली. पुली नवी, बोल्ट आणि वॉशर नवे. क्रँक आणि पुली टेकतात त्या जागा कोरड्या पुसल्या, कारण तिथं तेल राहिलं तर पकड कमी होते. बोल्ट पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळला.

तुळजापूरचा घाट चढून-उतरून आलो आणि इंजिन थंड झाल्यावर पुन्हा गाडी ढकलून पाहिली. पिस्टन, क्रँकची पुली, कॅम, तिन्ही एका रेघेत. बेल्ट तोच, डुप्लिकेट ठरवलेला. फेसिंगमुळं कॅम किंचित मागं पडतो, तेवढं आता सरकत्या पुलीवर भरून काढायचं आहे. त्यासाठी चकती अजून क्रँकवरच ठेवली आहे.